राजांच्या खोऱ्याचा राखणदार

मुलांनो, मिसर देशाचे नाव तुम्ही उर्दूच्या पुस्तकांत पुष्कळदा वाचले असेल. मराठीत त्याच देशाला इजिप्त म्हणतात. फिरऔन हा शब्दही तुमच्या परिचयाचा आहे. इजिप्तच्या प्राचीन राजांची ती पदवी होती. मराठीत या राजांना फॅरो म्हणतात. फॅरोंच्या कबरी पाहण्यासाठी जगभरातून माणसे इजिप्तला जातात. आज आपणही मनाने तेथे जाऊ या. वाटाड्या म्हणून आपल्याबरोबर एक माणूस असेल. त्यांचे नाव हॉवर्ड कार्टर.

नाईल नदीच्या काठी लक्सर नावाचे शहर आहे. नदीच्या पूर्वेला हे शहर, तर पश्चिमेला उघडेबोडके डोंगर आहेत. या डोंगरांत एक कोरडे खोरे आहे. तेथे झाड नाही, पाणी नाही, गवताची काडीसुद्धा नाही. यालाच राजांचे खोरे म्हणतात. गिझा येथील प्रचंड पिरॅमिड याहून सुमारे एक हजार वर्षे जुने आहेत. पिरॅमिड दुरूनही दिसतात, त्यामुळे ते चोरांच्या नजरेतून सुटले नाहीत. पुढील काळातील राजांनी मात्र डोंगराच्या पोटात खोल कबरी खोदवून घेतल्या. सुमारे पाचशे वर्षे राजांचे दफन या खोऱ्यात होत राहिले. मेल्यानंतरही राजाला सगळ्या वस्तू लागतात, अशी त्या लोकांची समजूत होती. म्हणून ते राजाच्या शेजारी अन्न, वस्त्रे, दागिने, खुर्च्या, पलंग आणि रथही ठेवीत. आजवर या खोऱ्यात साठांहून अधिक कबरी सापडल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक सर्व कबरी प्राचीन काळीच लुटल्या गेल्या होत्या.

हॉवर्ड कार्टर यांचा जन्म ९ मे १८७४ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील चित्रकार होते. प्राण्यांची चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. अकरा भावंडांत हॉवर्ड सर्वांत धाकटा. लहानपणी त्याची प्रकृती नाजूक होती, म्हणून त्याला खेडेगावात आत्यांकडे ठेवले होते. शाळेत तो फारसा गेलाच नाही. पण वडिलांनी त्याला चित्रकला मन लावून शिकवली. गावाजवळ एका श्रीमंत कुटुंबाचा मोठा वाडा होता. त्या वाड्यात इजिप्तमधील जुन्या वस्तूंचा संग्रह होता. त्या वस्तू पाहून हॉवर्डच्या मनात इजिप्तविषयी ओढ निर्माण झाली.

त्याच वेळी इजिप्तमध्ये काम करणाऱ्या एका विद्वानाला चांगल्या चित्रकाराची गरज होती. वाड्यातील मंडळींनी हॉवर्डचे नाव सुचवले. १८९१ साली, अवघ्या १७ व्या वर्षी, तो इजिप्तला गेला. बेनी हसन येथील कबरींच्या भिंतींवर सुंदर चित्रे आहेत. त्या चित्रांच्या हुबेहूब नकला काढणे, हे त्याचे पहिले काम. पुढच्याच वर्षी अमार्ना येथे फ्लिंडर्स पेट्री या नामवंत संशोधकाच्या हाताखाली तो उत्खनन शिकला. उत्खनन म्हणजे जुन्या अवशेषांच्या शोधासाठी काळजीपूर्वक केलेली खुदाई. मातीतून निघालेले खापराचे तुकडेही टाकून द्यायचे नाहीत, प्रत्येक वस्तू कोठे सापडली ते लिहून ठेवायचे, ही शिस्त त्याने पेट्रींकडून घेतली. १८९३ पासून सहा वर्षे त्याने हतशेपसूत या राणीच्या मंदिरातील चित्रांच्या नकला केल्या. हे मंदिर एका कड्याच्या पायथ्याशी आहे. कड्याच्या पलीकडे राजांचे खोरे आहे.

कार्टर यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. पण कामातील सचोटी आणि मेहनत वरिष्ठांच्या नजरेत भरली होती. वयाच्या २५ व्या वर्षी त्यांना दक्षिण इजिप्तमधील प्राचीन वास्तूंचे मुख्य निरीक्षक नेमण्यात आले. आता राजांच्या खोऱ्याची राखण त्यांच्याकडे आली.

तुम्हांला वाटेल, हजारो वर्षांपूर्वीच्या कबरींना आता कसले भय? पण भय होते, आणि ते दोन प्रकारचे होते. पहिले भय चोरांचे. १९०१ साली आमेनहोतेप दुसरा या राजाची कबर चोरांनी फोडली आणि राजाच्या देहाचीही विटंबना केली. कार्टर यांनी धुळीत उमटलेली पावले मोजली, त्यांची छायाचित्रे घेतली आणि माग काढीत ते एका घरापर्यंत पोचले. न्यायालयात मात्र गुन्हा शाबीत झाला नाही. दुसरे भय पाहुण्यांचे होते. हिवाळ्यात युरोपातून हौशी प्रवासी येत. कबरीत काळोख असल्यामुळे ते मेणबत्त्या आणि मशाली पेटवून आत शिरत. त्या धुराने तीन हजार वर्षांपूर्वीची चित्रे काळी पडत. कोणी भिंतीवर आपले नावही कोरून ठेवी. चोर रात्री येतो आणि एकदाच येतो. बेपर्वा पाहुणा मात्र दिवसाढवळ्या येतो आणि रोज येतो.

कार्टर यांनी महत्त्वाच्या कबरींना लोखंडी दारे बसवली. काही कबरींत विजेचे दिवे लावले. त्यामुळे मशालींचा धूर थांबला. आजचा प्रवासी दिव्यांच्या उजेडात भिंतींवरील चित्रे पाहतो. त्या सोयीची सुरुवात कार्टर यांनी केली.

पुढे त्यांची बदली उत्तर इजिप्तमध्ये झाली. तेथे जानेवारी १९०५ मध्ये त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग घडला. कैरो शहराजवळ सक्कारा येथे प्राचीन कबरी आहेत. एके दिवशी फ्रेंच प्रवाशांची एक टोळी तेथे आली. त्यांतील काही जण दारू प्यालेले होते. सर्वांनी तिकिटेही काढली नव्हती. तरी त्यांना आत जायचे होते. इजिप्शियन पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले, तेव्हा ते दांडगाई करू लागले. त्यांनी पहारेकऱ्यांवर हात टाकला. कार्टर तेथे पोचले. त्यांनी पहारेकऱ्यांना स्वतःचा बचाव करण्याची मुभा दिली. मारामारी झाली आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना लागले.

त्या काळी इजिप्तमध्ये युरोपीय लोकांचा मोठा दरारा होता. एका गरीब पहारेकऱ्याने गोऱ्या साहेबावर हात उचलावा, हे त्यांना खपण्यासारखे नव्हते. तक्रार वरपर्यंत गेली. कार्टर यांनी माफी मागावी, असा आग्रह सुरू झाला. वरिष्ठांनी समजूत घातली. दोन शब्द बोलले की प्रकरण मिटणार होते. पण कार्टर बधले नाहीत. पहारेकऱ्यांनी आपले कर्तव्य केले होते. त्यांच्यासाठी माफी मागणे म्हणजे त्यांना गुन्हेगार ठरवणे, असे त्यांचे मत होते. मग त्यांची बदली एका आडबाजूच्या गावी झाली. काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

मुलांनो, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? उत्तर देण्यापूर्वी पुढचे ऐका. नोकरी गेली आणि कार्टर यांच्यावर वाईट दिवस आले. ते चित्रे काढून प्रवाशांना विकू लागले. त्याच प्रवाशांना वाटाड्या म्हणून जुन्या वास्तू दाखवू लागले. ज्या कबरींच्या किल्ल्या काल त्यांच्या हाती होत्या, त्यांच्याच दारात ते आता पैशांसाठी उभे राहत.

सुमारे दोन वर्षांनी लॉर्ड कार्नार्व्हन या इंग्रज उमरावाशी त्यांची गाठ पडली. मोटारीच्या अपघातानंतर प्रकृती सुधारण्यासाठी ते हिवाळ्यात इजिप्तला येत. त्यांना उत्खननाची आवड होती. पैसा कार्नार्व्हन यांचा आणि ज्ञान कार्टर यांचे, अशी जोडी जमली. १९१४ साली त्यांना राजांच्या खोऱ्यात खोदण्याची परवानगी मिळाली. या खोऱ्यात आता काहीच उरलेले नाही, असे पूर्वीच्या संशोधकाचे मत होते. पण तुतनखामेन नावाच्या एका तरुण राजाची कबर कोणालाच सापडलेली नव्हती. ती येथेच कोठेतरी असली पाहिजे, असा कार्टर यांचा विश्वास होता.

पहिल्या महायुद्धामुळे काम रखडले. १९१७ साली ते नेटाने सुरू झाले. मजुरांनी हजारो टोपल्या दगडमाती उपसली. एकामागून एक हंगाम गेले, पण हाती फारसे काही लागले नाही. १९२२ च्या उन्हाळ्यात कार्नार्व्हन यांनी काम बंद करण्याचे ठरवले. कार्टर यांनी आणखी एक हंगाम मागितला. त्याचा खर्च स्वतः सोसण्याचीही तयारी दाखवली. त्यांची तळमळ पाहून कार्नार्व्हन यांनीच खर्च दिला.

खोऱ्यातील एकच लहान तुकडा खोदायचा राहिला होता. रामसेस सहावा या राजाच्या प्रसिद्ध कबरीच्या तोंडाशीच तो होता. तेथे खोदले असते तर प्रवाशांची वाट अडली असती, म्हणून आजवर तो सोडून दिला होता. या वेळी प्रवाशांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९२२ रोजी, कार्टर यांनी तेथे कुदळ लावली. ४ नोव्हेंबरला दगडात कोरलेली एक पायरी दिसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली एक बंद दरवाजा दिसू लागला. त्यावर प्राचीन मोहरा होत्या. विचार करा, कितीतरी प्रवासी शेजारची कबर पाहून या जागेजवळून निघून गेले होते! पायांखाली काय आहे, याची कोणालाच कल्पना नव्हती.

दार उघडावे, असे कार्टर यांना किती वाटले असेल! पण कार्नार्व्हन इंग्लंडमध्ये होते. कार्टर यांनी तार केली, पायऱ्या पुन्हा मातीने बुजवल्या आणि जवळजवळ तीन आठवडे वाट पाहिली. कार्नार्व्हन आपल्या मुलीसह आल्यावर काम पुन्हा सुरू झाले. सोळा पायऱ्या, मग दार, मग दगडमातीने भरलेली वाट आणि तिच्या शेवटी दुसरे दार. २६ नोव्हेंबरला कार्टर यांनी त्या दाराला लहानसे भोक पाडले. आतील हवा विषारी नाही ना, हे पाहण्यासाठी मेणबत्ती पुढे धरली. गरम हवेच्या झोताने ज्योत थरथरली. हळूहळू काळोखातून वस्तू दिसू लागल्या. प्राण्यांच्या आकाराचे पलंग, पुतळे, मोडून ठेवलेले रथ आणि जिकडेतिकडे सोन्याची झळाळी. कार्टर यांना काही क्षण शब्दच सुचला नाही.

या कबरीतही प्राचीन काळी चोर शिरले होते, पण त्यांना फारसे काही नेता आले नव्हते. आत ५,३९८ वस्तू होत्या. दुसरा कोणी असता तर त्याने घाईघाईने सोने बाहेर काढले असते. कार्टर यांनी तसे केले नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला. ती जागेवरून हलवण्यापूर्वी तिचे छायाचित्र आणि रेखाचित्र काढले. लाकूड आणि कापड इतके जीर्ण होते, की हात लावताच त्याचा चुरा होई. अशा वस्तूंवर मेण किंवा औषधे लावून त्या टिकवल्या. हे काम दहा वर्षे चालले.

त्यात इजिप्शियन कामगारांचा वाटा फार मोठा होता. त्यांच्या मुकादमाला तिकडे रईस म्हणतात. अहमद गेरिगर हे कार्टर यांचे मुख्य रईस होते. मे १९२३ मध्ये वस्तूंच्या पेट्या नाईल नदीपर्यंत न्यायच्या होत्या. रूळ थोडेच होते. मजूर मागचे रूळ उचलून पुढे टाकीत आणि त्यांवरून गाड्या ढकलीत. रणरणत्या उन्हात त्यांनी सगळ्या पेट्या सुखरूप पोचवल्या.

याच वर्षी ५ एप्रिलला कार्नार्व्हन यांचे कैरो येथे निधन झाले. डास चावलेल्या जागी वस्तऱ्याने कापले आणि जखम चिघळली. वर्तमानपत्रांनी मात्र राजाच्या शापाच्या गोष्टी रंगवल्या. त्या गोष्टींवर तुम्ही विश्वास ठेवू नका. कबरीत सर्वांत अधिक काळ वावरलेले कार्टर त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे जगले.

शाप नव्हता, पण त्रास होता, आणि तोही पाहुण्यांचाच! बडे लोक चिठ्ठ्या घेऊन येत. वार्ताहर दारात बसून राहत. कबरीची बातमी प्रथम लंडनच्या एका वर्तमानपत्राला देण्याचा करार झाला होता. आपल्याच देशातील बातमी आपल्याला परक्या वर्तमानपत्रातून कळावी, याचे इजिप्शियन लोकांना वाईट वाटले. त्यांचा राग रास्त होता. १९२२ साली इजिप्तच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली होती आणि आपल्या पूर्वजांच्या ठेव्यावर आपला अधिकार आहे, ही जाणीव जागी झाली होती.

१२ फेब्रुवारी १९२४ रोजी राजाच्या दगडी शवपेटीचे जड झाकण दोरांनी वर उचलण्यात आले. आत सोन्याने मढवलेली मानवाकृती पेटी होती. तिच्या कपाळावर फुलांचा एक चिमुकला हार होता. तीन हजारांहून अधिक वर्षे लोटली तरी त्या फुलांचे रंग थोडे टिकून होते. तरुण विधवा राणीनेच तो ठेवला असावा, असे कार्टर यांना वाटले. सगळ्या सोन्यापेक्षा त्या सुकलेल्या फुलांनी त्यांचे मन अधिक हेलावले.

दुसऱ्या दिवशी आपल्या सहकाऱ्यांच्या पत्नींना कबर दाखवावी, असा त्यांचा विचार होता. इजिप्तच्या सरकारने परवानगी नाकारली. कार्टर संतापले. त्यांनी काम थांबवले आणि कबरीला कुलूप ठोकले. दगडी झाकण तसेच दोरांवर लटकत राहिले! सरकारने त्यांचा परवाना रद्द केला आणि कबर ताब्यात घेतली. मुलांनो, सक्काराचा प्रसंग आठवा. १९ वर्षांपूर्वी नियम पाळणाऱ्या पहारेकऱ्यांसाठी याच माणसाने नोकरीवर पाणी सोडले होते. आता नियम त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांच्या आड आला, तेव्हा तो त्यांना अपमान वाटला. ज्या कबरीचे राखणदार व्हायचे, तिचे ते मालक होऊ पाहत होते. मोठी माणसेही अशी चुकतात.

अखेर तडजोड झाली. कार्नार्व्हन कुटुंबाने वस्तूंवरील हक्क सोडला आणि हा ठेवा इजिप्तमध्येच राहिला. १९२५ साली कार्टर कामावर परतले. मानवाकृती पेटीच्या आत दुसरी आणि तिच्या आत तिसरी पेटी होती. तिसरी पेटी शुद्ध सोन्याची, सुमारे ११० किलो वजनाची होती. तिच्यात राजाचा देह आणि चेहऱ्यावर सोन्याचा सुंदर मुखवटा होता. पण प्राचीन काळी ओतलेल्या राळेमुळे देह पेटीला घट्ट चिकटला होता. तो सोडवताना त्याचे तुकडे करण्यात आले. एका मृत माणसाच्या देहाला हे शोभले का, असा प्रश्न आज अनेक जण विचारतात. तुम्हीही तो स्वतःला विचारा. पुढे तो देह पुन्हा त्याच कबरीत ठेवण्यात आला.

१९३२ साली काम संपले. कार्टर यांनी लग्न केले नाही. इंग्लंडच्या सरकारने त्यांना कोणतीही पदवी दिली नाही. २ मार्च १९३९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या घरी तुतनखामेनच्या कबरीतील काही लहान वस्तू निघाल्या. त्या त्यांच्याकडे राहायला नको होत्या. त्यांच्या पुतणीने त्या इजिप्तला परत पाठवण्याची व्यवस्था केली. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही आपल्याकडील अशा १९ लहान वस्तू परत करण्याचा निर्णय २०१० साली घेतला.

कार्टर यांनी मागे ठेवलेली खरी संपत्ती वेगळीच आहे. त्यांच्या हजारो टिपणांचा आणि रेखाचित्रांचा संग्रह ऑक्सफर्ड येथे आहे. कोणती वस्तू कबरीत कोठे होती, हे त्यावरून आजही सांगता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ एक भव्य संग्रहालय खुले झाले. तेथे या कबरीतील वस्तू प्रथमच एकत्र मांडण्यात आल्या. हजारो नाजूक वस्तू इतकी वर्षे टिकल्या, याचे पुष्कळसे श्रेय त्या दहा वर्षांच्या सोशिक कामाला आहे.

आता आपली सफर संपत आली. मात्र कबरीतून बाहेर पडण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. तुतनखामेनची कबर फार लहान आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या श्वासातून दमट हवा बाहेर पडते. पावलांबरोबर धूळ आत येते. त्यामुळे भिंतींवरील रंगांना धोका पोचतो. म्हणून २००७ साली राजाचा देह हवाबंद काचेच्या पेटीत ठेवण्यात आला. २०१४ साली लक्सरजवळ, कार्टर यांच्या जुन्या घराशेजारी, या कबरीची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. खऱ्या कबरीवरील गर्दीचा भार हलका व्हावा, हा तिचा हेतू.

मुलांनो, कबर राजाची असो की गरिबाची, तेथे जाणारा माणूस पाहुणाच असतो. उद्या तुम्ही सहलीला जाल, एखादा जुना मकबरा, लेणे किंवा किल्ला पाहाल. तेथे दारात एक पहारेकरी उभा असेल. त्याने अडवले तर रागावू नका. भिंतीला हात लावण्यापूर्वी सक्काराच्या त्या पहारेकऱ्यांची आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या तरुण अधिकाऱ्याची आठवण ठेवा.